पंखावर उघडणारा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. कडी वाजवू नका, मला कडी नाही. बेल नाही, उंबरठा नाही, पायपुसणंही नाही. माझ्यातून कधी कुणी पाहुणा आत आला नाही की कुणी निरोप घेऊन बाहेर गेलं नाही. विमानाच्या बरोबर मध्यावर, पंखाच्या वर बसवलेला मी संकटकाळचा दरवाजा. बाकीच्या दरवाज्यांची किंमत उघडण्यावर ठरते, माझी न उघडण्यावर ठरली. असा जन्म कसा असतो ते सांगून पटायचं नाही. तरी सांगतो. सध्या मला दुसरं काही कामही नाही.

एका मोठ्या कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला गेला. पोटात एवढीशी खिडकी बसवली, डोक्याशी एक लाल मूठ, मुठीशेजारी बाण आणि एकच शब्द: ‘ओढा’. तपासनिसाने मला एकदा ओढून पाहिलं, तसा मी धप्पकन त्याच्या मांडीवर आलो. “वजनदार आहे लेकाचा!” असं म्हणत त्याने कळवळून पाय चोळला आणि शिक्का मारला. माझी अख्खी कुंडली त्या एका वाक्यात होती. पण शिक्का मारणाऱ्याला जेवणाच्या सुटीची घाई होती.

मी बिजागरीवर फिरत नाही, एवढं लक्षात ठेवा. मूठ ओढली की मी चौकटीतून पुरताच सुटतो आणि आत, ओढणाऱ्याच्या अंगावर येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढं माझं वजन. मग त्या माणसाने मला उचलून कुठेतरी ठेवायचं आणि मोकळ्या झालेल्या भोकातून पंखावर उतरायचं. प्रत्येक आसनापुढच्या खिशात याचा एक चित्रांचा कागद असे. त्यातला माणूस हसऱ्या चेहऱ्याने मला शेजारच्या आसनावर ठेवताना दाखवला होता. विमान जळत असताना हा गृहस्थ कशाला हसतोय, हे मला कधी उमगलं नाही.

विमानात माझी बरीच वर्षं गेली. विमान वर गेलं की आतली हवा मला चौकटीत असं दाबून धरी की दहा पैलवान लागले असते तरी मी हललो नसतो. माझ्या काचेबाहेर ढग, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून घट्ट बसलेला. माझ्या शेजारची जागा लोक मागून घेत. माझ्यासाठी नव्हे, पाय पसरायला मिळतात म्हणून. हवाई सुंदरी वाकून विचारायची, “गरज पडली तर दार उघडाल ना?” सगळेजण पेपरातून मान वर न काढता “हो, हो” म्हणत. त्या “हो”वर माणसांनी एकमेकांचे जीव सोपवले होते. मग माझ्यावर डोकं टेकून घोरत. एका पोराने माझ्या कडेला च्युइंगम चिकटवलं, ते अजून आहे.

विमान म्हातारं झालं, तेव्हा त्याला विमानतळाच्या कडेला गवतात उभं केलं. आतली आसनं काढून नेली. पंखावर पक्षी येऊन बसत आणि मी आतून बघत राही. एवढी वर्षं आकाशात काढूनही एकदाही उघडलो नव्हतो. आता भंगारात जाणार म्हणताना एक दिवस करवती घेऊन माणसं आली. त्यांनी विमानाचा मधला भाग भाकरीचा तुकडा मोडावा तसा अलग केला, ट्रकवर चढवला आणि गावाबाहेरच्या सरकारी संशोधन केंद्राच्या शेडमध्ये आणून ठेवला.

तिथे मला कळलं, की दोन वर्षांपूर्वी आमच्याच बनावटीचं एक विमान उतरताना धावपट्टीवर पेटलं होतं. बरीच माणसं बाहेर आली, बरीच आत राहिली. पंखावरच्या दरवाज्यापाशी गर्दी तुंबली होती. ती का तुंबली, हे शोधायला सरकारने हा सुरक्षा प्रकल्प काढला होता. त्यासाठी मी हवा होतो. त्या विमानातला दरवाजा जळून गेला, मी त्याच्याच साच्यातला.

प्रकल्पाच्या प्रमुख एक बाई होत्या. गळ्यात कायम दोरीला बांधलेलं घड्याळ, म्हणून शेडमध्ये सगळे त्यांना पाठीमागे घड्याळबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं. दुसरे मामा. केंद्राचे फिटर. सगळ्या जगाचे मामा. प्रत्येक चाचणीनंतर मला उचलून परत चौकटीत बसवायचं हे त्यांचं काम. “चल बाबा, झाला फेरफटका, परत आत हो,” असं म्हणून ते मला ठोकून बसवत.

चाचणी अशी असे. बाहेरून माणसं बोलवायची: नर्स, शिंपी, बसचालक, बँकेतले कारकून, जो येईल तो. त्यांना आसनांवर बसवायचं, पट्टे बांधायचे, निरुपद्रवी पांढरा धूर सोडायचा, आणि घंटा झाली की सगळ्यांनी माझ्यातून बाहेर पडायचं. बाहेर फळ्यांचा पंख केलेला आणि त्याच्याखाली गाद्या. पहिल्या दिवशी घंटा झाली आणि मला वाटलं, आता माझ्या जन्माचं सार्थक होणार.

कसलं काय!

“व्हा ना तुम्ही पुढे.”

“छे छे, आधी तुम्ही.”

“आजींना जाऊ द्या आधी. आजी, सावकाश.”

एक गृहस्थ तर पंखापर्यंत जाऊन विसरलेली चप्पल घ्यायला परत आले. घड्याळबाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, विमान जळतंय!”

“कुठे?” गृहस्थांनी मान उंचावून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी छत्र्या आणल्या. पंखावरून खाली उतरणाऱ्या पहिल्या निम्म्या लोकांना एकेक छत्री. साधी, काळी, दुमडायची. आणि काय सांगू तुम्हाला! तीच माणसं, तोच धूर, पण आता कोपरं बाहेर आली. शिंप्याने बसचालकाचा शर्ट फाडला. एक नणंद-भावजयीची जोडी आली होती, घरून एकमेकींचा हात धरून. घंटेनंतर भावजय नणंदेच्या पाठीवर पाय देऊन माझ्यातून बाहेर गेली. “वहिनी, अगं मी आहे!” मागून आवाज आला. “माहितीये!” वहिनी पंखावरून म्हणाली. घड्याळबाई पहिल्यांदाच हसल्या. “आता खरं दिसतंय,” त्या मामांना म्हणाल्या.

खरं दिसू लागलं तसं बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. मला ओढणारा प्रत्येक माणूस मला शेजारच्या आसनावर ठेवत होता. तिथे बसलेला माणूस दार ओढणाऱ्याला जागा द्यायला उठलेला असे, म्हणून ते आसन रिकामं. पण मी तिथे आडवा पडलो की ओळ अर्धी बुजून जाई. मागची माणसं माझ्यावर चढत, घसरत, अडकत. बाईंनी कागद बदलला. नव्या चित्रात मला बाहेर फेकायचं दाखवलं, खाली ठळक अक्षरांत लिहिलंही. चाचणीआधी त्या स्वतः ओरडून सांगत, “दार बाहेर फेका! आत ठेवू नका!” सगळे माना डोलवत. घंटा होई, धूर येई, आणि ते मला अलगद आसनावर ठेवत.

“अहो, फेका म्हटलं होतं ना?” त्यांनी एका दांडग्या पैलवानाला विचारलं.

“फेकायचं कसं, मॅडम? सरकारी वस्तू. आपटून मोडली म्हणजे?”

“मोडू दे मोडली तर!”

“असं कसं?” पैलवान दुखावला. “वस्तू आपटायची नाही असं वळण आहे आमच्या घरात.”

एका बाईने मला ठेवल्यावर पदराने माझ्यावरचा बुटाचा ठसाही पुसला होता. तिच्या मागे विमान जळत होतं. मीही लोकांच्या पायांखाली पडून राही. चौकटीतून सुटायचं आणि दोन हातांवरच्या आसनात अडकायचं, एवढीच माझी धाव.

अशात एक दिवस काका आले.

साठीचे, उंच, इस्त्रीचा शर्ट. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, तिथून निवृत्त झालेले. आल्या आल्या म्हणाले, “मला खिडकीशी बसवा, दाराजवळ.” पुढेही दर वेळी तेच. म्हणून त्यांचं नाव पडलं खिडकीवाले काका. त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मुठीकडे खूप वेळ पाहिलं, पण हात लावला नाही.

घंटा झाली. धूर आला. काकांनी मूठ ओढली, मी त्यांच्या अंगावर आलो, आणि पुढच्याच क्षणी मी हवेत होतो. काय होतंय ते मला समजलंच नाही. मी बाहेर! शेडचं पत्र्याचं छप्पर वर, खाली गाद्या, आणि मध्ये मी एकटा, कुणाच्या हातात नाही, कशात अडकलेला नाही. धप्प करून गादीवर पडलो आणि उताणा पडून राहिलो. मामा आले तेव्हा उचलूच नये असं वाटलं.

काका मात्र खाली उतरले नाहीत. पंखावर उभे राहून त्यांनी आत हात घातला आणि मागच्या प्रत्येकाला धरधरून बाहेर घेतलं. धुरात डोळे ताणून ते प्रत्येक चेहरा बघत होते. सगळ्यांत शेवटी उतरले. छत्र्या केव्हाच संपल्या होत्या.

त्यानंतर काका जवळजवळ प्रत्येक चाचणीला आले. दर वेळी मला बाहेर फेकलं, दर वेळी पंखावर उभे राहिले आणि एकदाही छत्री मिळवली नाही. मी त्यांची वाट बघू लागलो. दुसऱ्या कुणाच्याही हाताने मी सुटत नव्हतो.

त्यांना सोडायला त्यांची मुलगी येई. तिशीची, कमी बोलणारी. एकदा सगळे चहाला गेले तरी काका आतच बसून राहिले, तशी ती शोधत आत आली. त्यांच्या शेजारी नाही, मागच्या ओळीत बसली.

“बाबा, चहा निवतोय.”

“येतो.”

“काय बघताय त्या दाराकडे सारखं?”

“अगदी असंच होतं गं. मूठसुद्धा अशीच लाल.”

“मग कशाला येता इथे? रात्री झोप नाही, दिवसा हा धूर. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?”

“एकदा कळायला हवं मला.”

“काय?”

“मी दार नीट काढलं असतं, तर आई आली असती का.”

 आसनाच्या पाठीवरचा सुटलेला दोरा मुलगी बोटाला गुंडाळत राहिली.

पेटलेल्या त्या विमानात काका खिडकीशी होते आणि त्यांची बायको शेजारी. काका बाहेर आले, ती आली नाही. मुलीला एवढंच ठाऊक होतं. तुम्ही कसे आलात आणि आई कशी राहिली, हे तिने विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. एका घरात दोन माणसं, आणि मधोमध एक न विचारलेला प्रश्न. माझ्यासारखाच, घट्ट बसलेला. दोघंही त्याला धक्का लागू नये अशा बेताने वावरत.

पुढे एक दिवस चाचणी संपल्यावर घड्याळबाई काकांपाशी आल्या. मुलगी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती.

“काका, एक विचारू? इतकी माणसं इथे येऊन गेली. तुम्ही एकटे दार बाहेर फेकता, आणि प्रत्येक वेळी फेकता. तुम्हाला कसं जमतं?”

काका रुमालाने हात पुसत होते. पुसतच राहिले.

“एकदा ठेवलंय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“आमचं विमान उतरलं ते पेटतच उतरलं. मी खिडकीशी होतो. ही म्हणाली, मी उठते, तुम्ही काढा. उठून मधल्या वाटेत उभी राहिली. मी ओढलं, दार अंगावर आलं. जड असतं ते. कुठं ठेवायचं? शेजारची जागा रिकामी झालेली. कागदावरही तेच चित्र होतं. ठेवलं तिथं.” त्यांनी रुमाल खिशात घातला. “तिच्याच जागेवर.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“मागून लोंढा आला. ती ओळीत परत शिरायला बघत होती, मला दिसत होती. पण तिच्या जागेवर दार. मी पंखावर गेलो, वळलो, हात आत घातला. तो हात धरून बरीच माणसं आली. अनोळखी. एकाने तर थँक्यूसुद्धा म्हटलं. ती नाही आली.”

मुलीने हातातले कप खाली ठेवले. आपटले नाहीत. ठेवले.

घड्याळबाईंचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. “अपघातातून वाचलेल्यांना आम्ही चाचणीत घेत नाही, काका. आधी विचारलं होतं आम्ही.”

“विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं.”

“आता मला तुम्हाला थांबवावं लागेल.”

“थांबवा. पण एवढं सांगा. मी फेकलं असतं, तर ती आली असती?”

“वाट मोठी झाली असती. ती आली असती की नाही, हे मला सांगता येत नाही. खोटं सांगायचं नाही तुम्हाला.”

“म्हणजे चूक माझीच.”

“असं मी म्हटलेलं नाही.”

“मग दुसरं काय उरतं?”

बाईंनी गळ्यातलं घड्याळ मुठीत धरलं आणि सोडलं.  मुलगी वळून एकटीच शेडबाहेर निघून गेली. काका तिच्या मागून सावकाश गेले. दोघांमध्ये अंतर होतं, ते दारापर्यंत तसंच राहिलं.

घरी काय बोलणं झालं, झालं की नाही, मला ठाऊक नाही. मला शेडपुरतंच ऐकू येतं. काका यायचे बंद झाले. मी पुन्हा आसनावर ठेवला जाऊ लागलो. पुन्हा तेच बूट, तेच गुडघे. बाहेरचं छप्पर कसं दिसतं तेही विसरत चाललो.

चाचण्या संपत आल्या होत्या. विमान मंडळाचे एक साहेब पाहणीला येणार म्हणून मामांनी मला नवा रंग दिला. त्या दिवशी माणसं जमत असताना काकांची मुलगी आली. एकटी. थेट घड्याळबाईंसमोर उभी राहिली.

“मला बसायचंय. खिडकीशी.”

“तुम्ही कशाला?”

“बाबांना जमतं ना फेकायला? मग मलाही जमायला हवं. त्यात अवघड काय आहे, मला बघू दे.”

तिच्या आवाजात धार होती. बाईंना ती कळली. “बाबांना ठाऊक आहे?”

“बाहेर गाडीत बसलेत. येऊ नका म्हटलं तरी आले.”

बाई शेडच्या दाराकडे गेल्या आणि काकांना घेऊन आल्या. “तुम्हाला मी मोजणीत धरणार नाही. पण तिच्या शेजारी बसा. ती पहिल्यांदाच बसतेय.”

काका शेजारच्या आसनावर बसले. बायकोच्या जागेवर. मुलीने पट्टा आवळला, माझ्या मुठीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. तिचा हात माझ्या काचेला टेकला होता.  “फेकायचं,” ती स्वतःशीच पुटपुटली. “बाहेर फेकायचं.” मी तिला मनातून दुजोरा देत होतो. फेक बाई, तुझ्याही सुटकेसाठी आणि माझ्याही.

घंटा झाली.

धूर त्या दिवशी दाट होता. मागे पट्टे खटाखट सुटले, कुणीतरी ओरडलं, आसनाच्या पाठीवर गुडघे आपटले. काका उठले. “मी उठतो, तू काढ!” ते म्हणाले आणि मधल्या वाटेत सरकले. आपण कुणाचं वाक्य बोललो ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

मुलीने मूठ ओढली. मी तिच्या अंगावर गेलो. माझं सगळं ओझं तिच्या मनगटांवर, छातीवर. ती मागे रेलली, तोल सावरला. भोक तिच्या समोर होतं, मोकळं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. पण तिकडे फेकायचं तर मला आणखी उचलायला हवं होतं, फिरवायला हवं होतं, आणि मागून कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर पडला होता. शेजारचं आसन रिकामं होतं, हाताशी होतं. जड वस्तू हातात आली की हात ठेवायलाच जागा शोधतात. ते काही डोक्याला विचारत नाहीत.

तिने मला ठेवलं. नीट, काठ सांभाळून. वडिलांच्या जागेवर.

ती पंखावर गेली. लोंढा आला. माझ्यावरून कोण कोण गेलं ते मोजण्यात अर्थ नाही. मला फक्त काका दिसत होते. मधल्या वाटेत ते ओळीत परत शिरू बघत होते आणि शिरता येत नव्हतं. कुणाच्या तरी पाठीने त्यांना ढकलत ढकलत मागे नेलं, धुरात, मग दिसेनासे झाले.

बाहेर मुलगी वळली आणि तिने हात आत घातला. एक हात आला, तिने ओढून घेतला. शिंपी. मग दुसरा, कुणीतरी विद्यार्थी. मग कुणी बाई. “बाबा!” तिने हाक मारली. आणखी कुणी. “बाबा!” ही हाक चाचणीतली नव्हती. मामांनी ती ऐकली आणि ते धुराचं यंत्र बंद करायला धावले.

अगदी शेवटी काका आले. माझ्यावर गुडघे टेकून, खोकत, चष्मा कपाळावर गेलेला. मुलीने त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि ओढून पंखावर घेतलं. दोघं तिथेच फळ्यांवर खाली बसली. खाली माणसं छत्र्या उघडून बघत होती, हसत होती.

“बाबा, मी ठेवलं.”

“हं.”

“ठरवून आले होते फेकायचं. गाडीत तेच घोकत होते.”

“हं.”

“तुमच्याच जागेवर ठेवलं, बाबा.”

काकांनी तिच्या मनगटावर माझ्या काठाचा उमटलेला वळ पाहिला. त्यावरून अंगठा फिरवला.

“जड असतं गं,” ते म्हणाले.

एवढंच बोलले. मुलीने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि पहिल्यांदा रडली. तेही रडले. दोन वर्षांत कुणी कुणाला न विचारलेला प्रश्न होता ना? त्याचं उत्तर तिने स्वतःच्या हातांनी दिलं होतं आणि माफी त्यांनी तिला दिली होती. ती देताना त्यांना स्वतःलाही थोडी मिळाली असावी. मी आत आसनावर पालथा पडून होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, ते बरंच झालं.

मंडळाचे साहेब रुमालाने नाक दाबून उभे होते. “काय हो, एक दार कसं उघडायचं हे ठरवायला सरकारची इतकी वर्षं लागतात?”

“उघडता सगळ्यांना येतं, साहेब,” घड्याळबाई म्हणाल्या. “उघडल्यावर ते हातात येतं, तिथं घोटाळा आहे. आम्ही चित्रं बदलली, अक्षरं मोठी केली, ओरडून सांगितलं. पहिल्यांदा बसलेला एकही माणूस ते फेकत नाही. आता आम्ही माणसांना शिकवायचं थांबवणार. दार बदला. ते माणसाच्या हातात येताच कामा नये.”

म्हणजे दोष कुणाचा ठरला, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. माझा. माझ्या साच्याचा. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण काका मान वर करून ते ऐकत होते, आणि त्यांची ती मान मी पाहिली. मग म्हटलं, असू दे.

नवा दरवाजा आला. बिजागरीवरचा. मूठ ओढली की स्वतःच बाहेर जातो आणि वर उचलला जाऊन तिथेच राहतो. मामांनी मला चौकटीतून शेवटचं काढलं. “बस झाले तुझे हाल,” म्हणत त्यांनी मला शेडच्या भिंतीला टेकवलं आणि चार कोपऱ्यांत चार जाड स्क्रू पिळले. आता मी भिंतीवर आहे. खाली पाटी आहे: ‘जुन्या पद्धतीचा दरवाजा. हात लावू नये.’ माझ्या मागे विटा. मला कुणी ओढलं तरी बाहेर पडायला बाहेरच नाही. विमानात असताना निदान काचेपलीकडे ढग तरी होते.

तरी या भिंतीवरून मी एक गोष्ट पाहिली आणि तिच्यावर माझे दिवस जातात.

नव्या दरवाज्याच्या पहिल्या चाचणीला बाईंनी काकांना आणि मुलीला मुद्दाम बोलावलं होतं. नियम तेव्हा त्या विसरल्या, की विसरल्यासारखं केलं. काका खिडकीशी, मुलगी शेजारी. घंटा झाली. मुलगी उठली. काकांनी मूठ ओढली आणि सवयीने दोन्ही हात छातीपुढे धरले, वजन झेलायला. वजन आलंच नाही. दरवाजा बाहेर जाऊन वर उचलला गेला. काका तसेच उभे. हातांचं आता काय करायचं ते त्यांना कळेना. त्या रिकाम्या हातांतल्या एकात मुलीने आपला हात दिला, आणि दोघं एकदमच बाहेर गेली.

पंखावर ते या वेळी थांबले नाहीत. सरळ खाली उतरले. घड्याळबाईंनी त्यांच्या हातात छत्री ठेवली.

“मिळाली बाई एकदाची!” मामा ओरडले.

“आता हिचं काय करायचं?” काकांनी विचारलं. बाहेर चांगलं कडक ऊन होतं.

“उघडा की,” मुलगी म्हणाली.

शेडच्या दारातून मला दिसलं तेवढं सांगतो. उन्हात ती छत्री उघडली गेली. दोघांना पुरावी म्हणून काकांनी ती जरा मुलीकडे कलती धरली होती, त्यामुळे त्यांचा एक खांदा उन्हातच होता. ती त्यांना काहीतरी विचारत होती आणि ते सांगत होते. गाडीपर्यंत सांगत होते.

माझं एवढंच. तुम्ही कधी विमानात बसाल आणि पंखावरच्या दरवाज्यापाशी जागा मिळेल. हवाई सुंदरी वाकून विचारेल, तेव्हा पेपर खाली ठेवून “हो” म्हणा. तो नवा असेल तर बरंच आहे. माझ्यासारखा एखादा अजून कुठे उडत असेल, तर तो अंगावर येईल तेव्हा त्याची दयामाया करू नका. तो सरकारी आहे का, मोडेल का, याचा विचार नको. द्या भिरकावून. त्याला लागणार नाही, मी खात्रीने सांगतो. उलट तो तुमचे उपकार मानेल.

आणि हात मोकळे करा. शेजारी कुणीतरी तुम्हाला जागा द्यायला उठून उभं असेल.